रेडवुडला साडेतीन फेऱ्या

कमलाकर सोहोनीने आयुष्यात कुठलीही गोष्ट आपोआप रिन्यू होऊ दिली नव्हती. गाडीचा विमा, घराचा विमा, ब्रॉडबँड, बॉयलरचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, प्रत्येकाची मुदत संपायच्या बरोबर एकवीस दिवस आधी त्याच्या फोनमध्ये गजर वाजे. मग तो त्या कंपनीला फोन लावी आणि 'मी दुसरीकडे जाण्याचा विचार करतो आहे' हे वाक्य अशा काही व्यथित सुरात म्हणे, की पलीकडचा माणूस विरघळून जाई. मिल्टन कीन्समध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला तो हे वाक्य सुरासकट शिकवत असे. "आपल्याला गृहीत धरणं कंपनीला कधी परवडू द्यायचं नाही," तो सांगे. "इथे निष्ठेला दंड असतो."

त्याचं स्वतःचं लग्न मात्र बत्तीस वर्षं आपोआप रिन्यू होत आलं होतं आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या रिन्यूअलची तारीख म्हणजे ज्येष्ठातली पौर्णिमा. लग्नानंतरची पहिली सात वर्षं पुण्यात गेली. तिथे गल्लीच्या तोंडाशीच वड होता, त्यामुळे मनीषाचं काम सोपं होतं: उपास, सूत, सात फेऱ्या, हाच नवरा सात जन्म. नव्याण्णव साली, शतक बदलताना जगातले कॉम्प्युटर कोसळू नयेत म्हणून जी फौज भारतातून इकडे आली, तिच्यात कमलाकर आला. शतक सुरळीत बदललं आणि कमलाकर इथेच राहिला. हीथ्रोवर बॅगा हातात पडायच्या आत मनीषाने 'अहो'चं 'अरे' करून टाकलं. वटपौर्णिमा मात्र सोडली नाही. मिल्टन कीन्स हे आखून वसवलेलं गाव, तिथे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, मोप, पण वड नाही. तेव्हा तिने एका ए-फोर कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर पारंब्यांसकट वड काढला, डायनिंगच्या खुर्चीला टेकवून ठेवला आणि त्या खुर्चीला फेऱ्या मारल्या. पाचव्या वर्षी सुताने कागदाची कड फाटली. दुसऱ्या दिवशी कमलाकर तो वड ऑफिसात घेऊन गेला आणि लॅमिनेट करून आणला. वटपौर्णिमेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, पण कागद फाटणं त्याला बघवत नसे.

विश्वास नाही हे तो लपवतही नसे. तिथल्या मराठी मंडळाच्या वाचनकट्ट्यात त्याने एकदा 'वटपौर्णिमा: एक तार्किक चिकित्सा' या विषयावर पाऊण तास भाषण केलं होतं, आणि तेही मुहूर्त साधून, वटपौर्णिमेच्याच शनिवारी. "बायकोच्या उपासाने नवऱ्याचं आयुष्य वाढत असतं, तर पेन्शन कंपन्यांनी फॉर्मवर तसा रकाना ठेवला असता," या वाक्याला हशा आला. मनीषा दुसऱ्या रांगेत होती. भाषण संपल्यावर तिने साठ जणांना बटाटेवडे वाढले. स्वतः खाल्ला नाही, तिचा उपास होता.

कमलाकर एका विमा कंपनीच्या आयटी खात्यात टेस्ट मॅनेजर होता. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्या नम्र भाषेत लिहून कळवायच्या. याचा पगार मिळतो हे कळलं तेव्हा तो स्वतः चकित झाला होता, कारण त्याच्या वडिलांनी हेच काम चाळीस वर्षं घरात फुकट केलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, मार्च महिन्यात, कंपनीने त्याला व्हॉलंटरी रिडन्डन्सी, म्हणजे भरपाई घेऊन स्वेच्छेने निवृत्ती दिली, एक केक दिला आणि एक शोभेचं रोप दिलं. एप्रिलपासून कमलाकर घरी बसला. आता टेस्ट करायला सॉफ्टवेअर उरलं नव्हतं, तेव्हा त्याने घर हाती घेतलं.

डिशवॉशरमध्ये कुठली ताटली कुठे लावायची याचा नकाशा काढून त्याने दाराच्या आतून चिकटवला. मनीषा कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करायची. ती घरी येईपर्यंत रोज काहीतरी सुधारलेलं असे. मे महिन्यात मसाल्याच्या डब्याची पाळी आली. सात वाट्या, आणि कशाचा कशाला क्रम नाही! कमलाकरने त्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवून इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावल्या. हळद एचमध्ये घ्यायची की टीमध्ये, यावर त्याने एक दुपार विचार केला. गोल डब्यात पहिलं कोण आणि शेवटचं कोण, हा पेच त्याने आत बाण चिकटवून सोडवला. मनीषाने डबा उघडला, बाणाकडे बघितलं आणि झाकण लावलं. कमलाकरने ते 'हरकत नाही' या सदरात नोंदवलं.

जूनमधली सहल हेही त्याचंच संयोजन. रेडवुड बघायचे ही इच्छा मूळ मनीषाची. लायब्ररीतल्या कुठल्याशा मासिकात तिने कॅलिफोर्नियातल्या त्या आभाळाला टेकलेल्या झाडांचे आणि तिथल्या समुद्रकाठच्या पायवाटांचे फोटो बघितले होते. कमलाकरने आठवडाभर शोध घेतला आणि जाहीर केलं, की कॅलिफोर्नियाला जायचं कारण नाही. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या श्रीमंतांनी ही झाडं हौसेने आणून लावली आहेत. वेल्समध्ये वेल्शपूलजवळ टेकडीवर त्यांचं अख्खं बन आहे. लहानपणी कुंडीतून आली आणि राहिली, त्यांना कोणी व्हिसा विचारला नाही. तिथून दोन-सव्वादोन तासांवर समुद्र. "आधी रेडवुड, मग कोस्टल ट्रेल. सेम सीक्वेन्स," तो म्हणाला. "फक्त पॅसिफिकच्या जागी आयरिश सी."

"आणि उन्हाच्या जागी?" मनीषाने विचारलं.

"रेनकोट. ओळ क्रमांक बारा."

सामानाच्या यादीत चौऱ्याण्णव ओळी होत्या. निघायच्या आदल्या संध्याकाळी कमलाकर शेवटची पडताळणी करत होता. टेप, इंडक्शन शेगडी, धपाटे, चटणी, गुडघ्याचा पट्टा. एकतिसाव्या ओळीशी त्याचं बोट थांबलं. 'वड (लॅमिनेटेड)' ही ओळ खोडलेली होती. पेनने, पट्टी लावून मारल्यासारखी सरळ रेघ, आणि रेघ मनीषाची.

पौर्णिमा शुक्रवारी होती. निघायचं गुरुवारी.

पहिल्यांदा त्याला वाटलं, चुकून झालं असेल. पण मनीषा चुकून पट्टी लावत नसे. मग वाटलं, बरंच झालं, शेवटी बाई विचार करायला लागली. हे वाक्य त्याने मनात दोनदा म्हणून बघितलं, पण तिसऱ्यांदा ते अर्ध्यातच अडलं. बत्तीस वर्षं या बाईने दर जूनमध्ये हाच नवरा पुन्हा मागितला होता आणि यंदा मागायचा नाही असं ठरवलं होतं. सरळ विचारावं? पण पाऊण तास तार्किक चिकित्सा केलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने विचारायचं, 'काय गं, यंदा वडाला फेऱ्या नाहीत का?'

तेव्हा त्याने विचारलं नाही. फोनमध्ये पंचांग उघडलं, भारतीय वेळेतून साडेचार तास वजा केले, आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून सहा मिनिटांचा गजर लावला. गजरावर, सवयीप्रमाणे, नाव घातलं: 'पौर्णिमा समाप्त'.

गुरुवारी मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये मनीषा कॉफीच्या रांगेत असताना त्याने गाडीत बसून लीड्सला मुलीला फोन लावला. कस्तुरी तिथल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होती. जन्म इथला, त्यामुळे तिचं मराठी धीट होतं.

"बाबा, क्विक बोल, मी वॉर्डवर आहे. आई बरा आहे ना?"

"बरी आहे. तुला ती काही म्हणाली का? माझ्याबद्दल? किंवा एकंदरीत... फ्युचरबद्दल?"

"फ्युचर? बाबा, तुला चेस्ट पेन आहे का?"

"नाही गं."

"मग तू तिलाच विचार ना. ती तुझ्या बाजूच्या सीटमध्ये आहे. इट्स नॉट अ कॉम्प्लेक्स प्रोसीजर." मग ती म्हणाली, "तू मसाल्याचा डबा अल्फाबेटिकल केली, ते खरं आहे?"

"केला. का?"

"नथिंग. गाडी नीट चालव."

शुक्रवारी सकाळी वेल्शपूलबाहेरच्या बी अँड बीमध्ये मालकीणबाईंनी विचारलं, ब्रेकफास्टला काय घेणार? कमलाकरने मेनू खाली ठेवला. एक आशा शिल्लक होती: ओळ खोडली असली तरी उपास असू शकतो. पिशवीत साबुदाण्याची खिचडी नाही हे त्याने पाहिलं होतं, पण केळी होती.

"दोन अंडी," मनीषा म्हणाली, "आणि मश्रूम. टोस्ट पण."

अंडी आली. मनीषाने त्यातल्या पहिल्या अंड्याचा पिवळा बलक टोस्टच्या टोकाने फोडला आणि कमलाकरला आपलं आयुष्य त्या ताटलीत पसरताना दिसलं.

"तू खात नाहीयेस?" तिने विचारलं.

"भूक नाही."

"उपास आहे का?" मनीषा म्हणाली आणि मश्रूमकडे वळली.

बनाच्या फाटकापासून आत शिरताच प्रकाश बदलला. खाली तांबूस काड्यांचा जाड थर, पाऊल टाकलं तरी आवाज नाही. खोडं सरळ वर निघून गेलेली. शेंडा बघायला मान मागे टाकावी तर टोपी पडावी. साल तर इतकी मऊ, की मनीषाने हात लावला आणि नुसती उभी राहिली. "गादीसारखी आहे रे," ती म्हणाली. एरवी कमलाकरने लगेच सालीच्या जाडीबद्दल माहिती दिली असती. आज त्याची नजर खोडाच्या परिघावर होती. रात्री डोळा लागेपर्यंत त्याने एक योजना आखली होती, आणि ती योजना अशी, की मनीषाला कळू न देता मनीषाकडून वटपौर्णिमा करून घ्यायची. लॅमिनेटेड ए-फोर चालतो तर रेडवुड का नाही? झाड तर झाड. संकल्प, मंत्र, सूत हे तपशील झाले. फेऱ्या महत्त्वाच्या.

त्याने सगळ्यात जाड झाड निवडलं, पिशव्या झाडामागे ठेवल्या आणि पुढे येऊन टेप काढली. "घेर मोजू. मी टोक धरतो, तू टेप घेऊन फिरून ये."

मनीषा टेप घेऊन उजवीकडे निघाली.

"उलट!" तो ओरडला. "डावीकडून. घड्याळाच्या काट्यांसारखी."

"मापाला डावं-उजवं असतं?"

"टेपवरचे आकडे उलटे दिसतात."

मनीषाने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, पण आली परत आणि डावीकडून गेली. टेप पाच मीटरची होती, ती झाडाच्या पलीकडे कुठेतरी संपली. मनीषा मोकळ्या हाताने फिरून समोर आली. एक.

"पुरली नाही," ती म्हणाली.

"सालीला खूण करून ये, तिथून पुढचं मोजू. परत तिकडूनच जा, त्याच बाजूने." दोन.

तिसरीसाठी फोटो उपयोगी पडले. "प्रत्येक बाजूला उजेड वेगळा आहे, तू चालत राहा, मी घेत राहतो." एक माणूस कुत्र्याला घेऊन पायवाटेवरून चालला होता. तो थांबून म्हणाला, "लव्हली, आर दे नॉट?" कमलाकरने घाईने "येस, येस" म्हटलं, कारण या वयात त्याला आकडा विसरायची धास्ती होती. तीन.

"आता अजून एकदा," तो म्हणाला, "व्हिडिओ."

मनीषा चौथ्यांदा निघाली आणि झाडाआड गेली. कमलाकर उजव्या कडेला कॅमेरा रोखून उभा राहिला. ती आली नाही. तो थांबला. वर कुठेतरी एक पक्षी ओरडला. ती आली नाही.

"मनीषा?"

"काय?" झाडाच्या पलीकडून आवाज आला.

"येतेस ना?"

"इथे बाक आहे. मी बसलेय. धपाटे कुठल्या पिशवीत आहेत?"

कमलाकर हलला नाही. मध्ये दीड शतक वयाचं खोड, पलीकडे बायको, आणि साडेतीन झालेल्या. अर्ध्यात बसलं तर आधीचे धरतात की रद्द होतात, याबद्दल पंचांग काहीच म्हणत नव्हतं. विमा कंपनीत असं असतं तर अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवला असता. शेवटी त्याने फोन उंच धरला, "सिग्नल बघतो जरा," असं झाडाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं आणि तो स्वतः फिरायला लागला. घड्याळाच्या काट्यांसारखा. धपाटे पिशवीत शोधणाऱ्या मनीषाच्या समोरून पहिल्यांदा गेला तेव्हा ती काही म्हणाली नाही. दुसऱ्यांदा गेला तेव्हा तिने विचारलं, "मिळालं का?" तिसऱ्यांदा गेला तेव्हा तिने चटणीची बाटली उघडली. चौथ्यांदा तिच्यापाशी पोचला, तेव्हा त्याच्या साडेतीन पुऱ्या झाल्या होत्या. तो धपकन तिच्या शेजारी बाकावर बसला.

"नाहीये," तो म्हणाला.

"जंगलात नसतंच," मनीषा म्हणाली आणि त्याच्या हातात धपाटं ठेवलं.

दुपारभर डोंगरातल्या वळणांचा रस्ता. कमलाकर गाडी चालवताना बोलला नाही. त्याने बोलू नये असं मनीषाला गेली तीस वर्षं वाटत आलं होतं, त्यामुळे तिने खिडकीबाहेर मेंढ्या बघितल्या आणि एकदा गुणगुणलीसुद्धा. गुणगुणणं हे चांगलं लक्षण की वाईट, यावर त्याचे दोन राउंडअबाउट चुकले.

पाचच्या सुमाराला ते न्यू की नावाच्या बंदरात पोचले. तिथून दक्षिणेला कड्यावरून पायवाट जाते. खाली हिरवट समुद्र, एका अंगाला शेतं, आणि मध्ये हातभर रुंदीची वाट, जी दर अर्ध्या मैलाला कुठल्यातरी ओढ्याशी खाली उतरते आणि खाली उतरल्याचा सूड म्हणून तितकीच वर चढते. रेनकोट लागला नाही. ऊन पडलं होतं. जूनमध्ये इथे नऊच्या पुढे उजेड असतो, म्हणजे घाई नव्हती. पण कमलाकर नेहमीसारखा पुढे निघाला.

त्याच्या चालण्याची एक पद्धत होती. तो मनीषाच्या पुढे चाळीस पावलं चाले. चढ संपला की एखाद्या दगडावर बसून पाणी पिई, दृश्य बघे, बूट झटके. मागून मनीषा गुडघ्यावर हात ठेवत, धापा टाकत पोचली की तो ताजातवाना उठे आणि म्हणे, "झाली ना विश्रांती? चल." लेक डिस्ट्रिक्ट, पीक डिस्ट्रिक्ट, स्नोडोनिया, तीन राष्ट्रीय उद्यानं त्यांनी या पद्धतीने पाहिली होती. विश्रांती कोणाची झाली, हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता, कारण त्याची झालेली असे.

आजही पहिल्या चढावर तो बसला, मनीषा आली, तो उठला, म्हणाला. दुसऱ्या चढावरही तेच. फरक इतकाच, की आज बसल्या बसल्या तो दृश्याऐवजी घड्याळ बघत होता. सहा पस्तीस. सहा बावन्न. आजूबाजूला झाड नव्हतं. होती ती काटेरी पिवळ्या फुलांची झुडपं, वाऱ्याने एका कुशीवर झोपवलेली.

तिसऱ्या चढाच्या माथ्यावर मनीषा पोचली आणि तो उठायच्या आत म्हणाली, "थांब. ते बघ, पाण्यात! डॉल्फिन आहे. फोन दे, माझा बॅगेत तळाला आहे."

कमलाकरने फोन दिला. तिने तो समुद्राकडे रोखला. पाठ दिसली, गेली, पुन्हा दिसली. मनीषा "अरे, अरे, दोन आहेत" म्हणत असतानाच फोन तिच्या हातात थरथरला आणि भोंगा वाजायला लागला. तिने पडद्याकडे बघितलं आणि मोठ्याने वाचलं:

"पौर्णिमा समाप्त."

डॉल्फिन गेले. कमलाकर समुद्राकडे बघत राहिला.

"अच्छा," मनीषा म्हणाली. तिने भोंगा बंद केला. "म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखी."

"ते मापासाठी..."

"कमलाकर."

नावाने हाक म्हणजे प्रकरण गंभीर. तो दगडावर परत बसला. ती शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली.

"तू ओळ खोडलीस," तो म्हणाला. "एकतीस नंबरची."

"खोडली."

"का?"

मनीषाने एक सुस्कारा टाकला. मग खांदे पाडले, मान जराशी कलती केली, आणि ज्या सुरावर मिल्टन कीन्समधल्या निम्म्या मराठी घरांचे विमे स्वस्त झाले होते, त्या सुरात म्हणाली, "मी दुसरीकडे जाण्याचा विचार करते आहे."

कमलाकरने हे वाक्य हजार वेळा म्हटलं होतं. ऐकलं पहिल्यांदाच. पलीकडच्या माणसाला नेमकं काय होतं, हे त्याला आत्ता कळलं.

"कुठे?" तो म्हणाला.

"अजून कोटेशन्स मागवली नाहीत," मनीषा म्हणाली. मग तिचा सूर उतरला. "हे बघ, मी सात जन्म मागितले तेव्हा तू सकाळी साडेसातला जायचास आणि सहाला यायचास. त्या हिशोबाने मागितले होते. आता तू दिवसभर असतोस."

"मी मदत करतो."

"तू डब्यात बाण लावलास. तीस वर्षं फोडणी करताना मी डब्याकडे बघितलेलं नाही. एका हातात झारा, नजर तेलावर, दुसरा हात आपला आपण जायचा. मोहरी, हिंग, हळद. आता मला चष्मा लावून वाचावं लागतं. परवा मोहरी जळली, कारण मी 'टी फॉर टर्मरिक' शोधत होते. माझ्याच स्वयंपाकघरात मला पाहुणीसारखं वाटतं रे."

खाली लाट फुटली. आयुष्यभर कमलाकरने दुसऱ्यांच्या चुकांचे अहवाल लिहिले होते. स्वतःच्या नावाने आलेला पहिला अहवाल होता, आणि त्यात त्याला शब्दाची चूक सापडत नव्हती.

"बोलली का नाहीस?"

"बोललेलं तू लिहून घेतोस."

तेही खरं होतं. मग कमलाकरने हात पुढे केला. "फोन दे."

"आता काय?"

"दे तर."

फोटो मागे सरकवत सरकवत तो मे महिन्यात गेला आणि पडदा तिच्यासमोर धरला. मसाल्याचा डबा, वरून काढलेला, सातही वाट्या जुन्या जागी. मधल्या वाटीत मोहरी, कडेला हळदीचे डाग, हिंगाच्या वाटीत मोडका चमचा.

"काही बदलण्याआधी मूळ स्थितीचा फोटो घेऊन ठेवतात," तो म्हणाला. "नियमच आहे. उद्या घरी गेल्यावर होतं तसं करतो. बाण काढतो. डिशवॉशरचा नकाशा पण."

मनीषा त्या फोटोकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी त्याला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती, तोंडावर हात ठेवून, गुडघा सांभाळत. शेवटी हसता हसता त्याच्या शेजारी दगडावर बसली.

"चमच्यासकट," ती म्हणाली.

"चमच्यासकट."

"आणि मंगळवार-गुरुवारी तू घराबाहेर असशील. कुठेही जा. आमच्या लायब्ररीत येऊ नकोस."

"मान्य." त्याने घड्याळ बघितलं. "पण पौर्णिमा सात वाजून सहालाच संपली. आणि तुझ्या साडेतीनच झाल्यात."

"मोजल्यास ना! मला वाटलंच." मनीषाने पाण्याची बाटली उघडली. "साडेतीन चांगला आकडा आहे. मुहूर्तसुद्धा साडेतीनच असतात. साडेतीन जन्म देऊन टाकले तुला."

"माझ्याही साडेतीन झाल्या. सिग्नलच्या. म्हणजे बेरीज सात."

"बेरीज कशी होईल? मी तुला साडेतीन जन्म मागितलं, तू मला साडेतीन मागितलंस. ते तेच साडेतीन. एकावर एक."

कमलाकरने हे तपासून बघितलं. तर्कात कुठेच भोक नव्हतं. "तीन समजले," तो म्हणाला. "पण चौथ्याचं काय? अर्धा जन्म म्हणजे कसं?"

"रिटायरमेंटपर्यंत," मनीषा म्हणाली. गुडघ्यावर हात दाबून उठली आणि चालायला लागली.

कमलाकर लगेच उठला नाही. त्याने फोनमध्ये पुढच्या वर्षीची ज्येष्ठातली पौर्णिमा शोधली, एकवीस दिवस मागे मोजले आणि त्या तारखेला गजर लावला. गजराला काय नाव द्यावं याचा विचार करण्यात पाच मिनिटं गेली. शेवटी त्याने 'मनीषाला विचारणे' असं लिहिलं, फोन खिशात टाकला आणि मान वर केली. मनीषा ओढा ओलांडून पलीकडचा अर्धा चढ चढून गेली होती.

तो घाईने उतरला. ओढ्याच्या फळीवरून जाताना एक पाय पाण्यात गेला. चढ खालून वाटला होता त्यापेक्षा उभा निघाला. दोन्ही पिशव्या त्याच्याकडेच होत्या, आणि शेगडी, कुणास ठाऊक का, त्यातल्याच एकीत होती. माथ्यावर मनीषा एका दगडावर निवांत बसलेली दिसत होती. ती पाणी पीत होती, समुद्र बघत होती, बूट झटकत होती.

घामाने निथळत, छातीचा भाता झालेला कमलाकर तिच्यापर्यंत पोचला. पिशव्या खाली ठेवायला वाकला, तोच ती ताजीतवानी उठून उभी राहिली.

"झाली ना विश्रांती?" मनीषा म्हणाली. "चल."